क्यूटीतला प्रोग्राम दुसऱ्याच्या विंडोजवर चालवायचा तर: डीएलएल गोळा करण्यापासून सही केलेल्या इन्स्टॉलरपर्यंत

प्रोग्राम ज्या संगणकावर लिहिला, तो संगणक वाटपाची चाचणी घ्यायला सर्वांत निकामी. त्यावर क्यूटी (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) आहे, व्हिज्युअल स्टुडिओ आहे, पाथमध्ये (फाईली शोधायच्या जागांच्या यादीत) पाच-दहा फोल्डर आहेत, आणि प्रोग्रामला जे जे लागतं ते यांतून गुपचूप मिळत राहतं. गिऱ्हाईकाच्या संगणकावर यातलं काहीच नसतं. म्हणून ईएक्सई (प्रोग्रामची चालणारी फाईल) पाठवली, ती उघडलीच नाही, असा निरोप आला की दोष कोडमध्ये शोधू नये. सोबत काय पाठवलं नाही ते शोधावं.

या लेखात एकच वाट शेवटपर्यंत धरली आहे: सी प्लस प्लसमध्ये क्यूटी ६ वापरून लिहिलेला ६४-बिट प्रोग्राम, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ चा कंपाइलर, विंडोज १० किंवा ११, आणि इन्स्टॉलर बनवायला इनो सेटअप. उदाहरणासाठी ‘नोंदवही’ नावाचा प्रोग्राम धरू. तो माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यात एसव्हीजी चित्रांची बटणं आहेत आणि नवी आवृत्ती आली का ते इंटरनेटवरून बघतो. फाईलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

विंडोज डीएलएल कुठे शोधतं

डीएलएल म्हणजे प्रोग्राम चालताना वापरायच्या तयार कोडची वेगळी फाईल. प्रोग्रामला ती दोन प्रकारे लागते. पहिला प्रकार ईएक्सईच्या आयात-यादीत लिहिलेला असतो. क्यूटी६कोअर, क्यूटी६जीयूआय, क्यूटी६विजेट्स, एमएसव्हीसीपी१४० ही नावं तिथे असतात. यातली एक जरी सापडली नाही तर प्रोग्राम सुरूच होत नाही आणि विंडोज नाव घेऊन सांगतं की अमुक फाईल मिळाली नाही.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. प्रोग्राम सुरू झाल्यावर क्यूटी काही डीएलएल स्वतः शोधून उघडते. यांना प्लगइन म्हणतात: खिडकी दाखवणारं, जेपीईजी वाचणारं, एसक्यूलाइटशी बोलणारं, सुरक्षित जोडणी करणारं. यांची नावं आयात-यादीत नसतात. त्यामुळे नुसती आयात-यादी वाचणारं कोणतंही साधन ती दाखवू शकत नाही. खिडकी दाखवणारं सोडून यातलं एखादं राहिलं तर प्रोग्राम उघडतो, पण चित्रं दिसत नाहीत किंवा डेटाबेस उघडत नाही, आणि कोणताही संदेश येत नाही. पुढच्या पायऱ्यांत निम्मी काळजी या दुसऱ्या प्रकाराची आहे.

शोधण्याचा क्रम लक्षात ठेवावा. विंडोजच्या स्वतःच्या ठरावीक डीएलएल आणि आधीच स्मृतीत असलेल्या डीएलएल सोडल्या, तर सर्वांत आधी ईएक्सई असलेलं फोल्डर पाहिलं जातं, मग सिस्टम३२, मग विंडोजचं मुख्य फोल्डर, मग चालू फोल्डर आणि सर्वांत शेवटी पाथमधली फोल्डरं. यावरून नियम निघतो तो असा: तुमच्या प्रोग्रामच्या सगळ्या लायब्ररी ईएक्सईच्या शेजारी ठेवा. शेजारची फाईल आधी उचलली जाते, दुसऱ्या कोणी पाथमध्ये काय घुसवलंय त्याचा तुम्हाला उपद्रव होत नाही आणि प्रोग्राम काढताना फोल्डर पुसलं की काम झालं.

सिस्टम३२ मध्ये डीएलएल टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर आजही मिळतो. तो कधीही पाळू नका. तिथली फाईल सगळ्या प्रोग्रामांना दिसते, त्यामुळे तुमची जुनी प्रत दुसऱ्याचा चालता प्रोग्राम बिघडवू शकते. शिवाय नावं फसवी आहेत: ६४-बिट विंडोजवर सिस्टम३२ मध्ये ६४-बिट फाईली असतात आणि ३२-बिट फाईली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये.

आधी रिलीज बिल्ड

डीबग बिल्ड (दोष शोधण्यासाठीची बांधणी) वाटायची नाही, रिलीज वाटायची. तिला लागणाऱ्या क्यूटीच्या फाईलींच्या नावाशेवटी ‘डी’ असतो (क्यूटी६कोअरडी.डीएलएल), आणि व्हीसीरनटाइम१४०डी ही कंपाइलरची डीबग रनटाइमही (प्रोग्राम चालताना लागणारा कंपाइलरचा कोड) लागते. ही रनटाइम इतरांना वाटायची परवानगी मायक्रोसॉफ्टचा परवाना देत नाही. सीमेक (बिल्ड चालवणारं साधन) वापरत असाल आणि जनरेटर व्हिज्युअल स्टुडिओचा असेल, तर बिल्ड करताना कॉन्फिग पर्यायात रिलीज द्यावंच लागतं. नाहीतर डीबग तयार होते आणि ते पटकन ध्यानात येत नाही.

रिलीज बिल्डसोबत पीडीबी फाईली (कोडच्या ओळींचा पत्ता ठेवणाऱ्या) तयार करून घ्या. त्या पाठवायच्या नाहीत, पण आवृत्तीच्या क्रमांकासकट जपून ठेवायच्या. गिऱ्हाईकाकडून क्रॅश-डंप आला तर नेमक्या त्याच बिल्डची पीडीबी असल्याशिवाय कोणत्या ओळीवर प्रोग्राम पडला ते कळत नाही, आणि तोच कोड नंतर पुन्हा बिल्ड करून मिळालेली पीडीबी जुन्या ईएक्सईला जुळत नाही.

क्यूटीच्या फाईली गोळा करणं

रिकामं फोल्डर घ्या. बिल्डचं फोल्डर वापरू नका. त्यात ओब्ज फाईली आणि सतरा भानगडी असतात. रिकाम्या फोल्डरमध्ये फक्त नोंदवही.ईएक्सई टाका.

आता स्टार्ट मेन्यूतून क्यूटीसोबत आलेला कमांड प्रॉम्प्ट उघडा. ज्या क्यूटीने आणि ज्या कंपाइलरने बिल्ड केलं, नेमका तोच. संगणकावर क्यूटी ६.५ आणि ६.८ दोन्ही असतील आणि चुकीचा प्रॉम्प्ट उघडला, तर दुसऱ्याच आवृत्तीच्या फाईली गोळा होतात. मिंगडब्ल्यू या दुसऱ्या कंपाइलरची क्यूटी आणि एमएसव्हीसीची (व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपाइलरची) क्यूटी यांच्या फाईलींची नावं सारखीच असतात, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

याच प्रॉम्प्टमध्ये व्हिज्युअल स्टुडिओची व्हीसीव्हार्स६४.बॅट चालवून घ्या. ती न चालवता पुढे गेलात तर व्हीसीइन्स्टॉलडीर ठरलेलं नाही अशी सूचना येते आणि कंपाइलरची रनटाइम गोळा होत नाही. मग विनडिप्लॉयक्यूटी ही फाईली गोळा करणारी क्यूटीची आज्ञा रिलीज हा पर्याय आणि ईएक्सईचा पूर्ण मार्ग देऊन चालवा. क्यूएमएल या क्यूटीच्या भाषेत पडदे लिहिले असतील तर क्यूएमएलडीर हा पर्याय देऊन स्रोत-कोडमधलं क्यूएमएलचं फोल्डर दाखवावंच लागतं, कारण कोणती मॉड्यूलं आयात केली आहेत हे तिथल्या फाईली वाचूनच ठरतं.

आज्ञा संपल्यावर फोल्डरमध्ये काय आलं ते एकेक बघा. ईएक्सईशेजारी क्यूटी६ ने सुरू होणाऱ्या डीएलएल असतील. शिवाय काही उपफोल्डर असतील:

- प्लॅटफॉर्म्स: यात क्यूविंडोज.डीएलएल. हे नसेल तर खिडकीच उघडत नाही.
- स्टाइल्स: बटणं, याद्या विंडोजसारख्या दिसण्यासाठी.
- इमेजफॉरमॅट्स आणि आयकॉनइंजिन्स: एसव्हीजी बटणांसाठी यांतली क्यूएसव्हीजी आणि क्यूएसव्हीजीआयकॉन, आणि ईएक्सईशेजारी क्यूटी६एसव्हीजी, अशा तिन्ही फाईली लागतात.
- एसक्यूएलड्रायव्हर्स: नोंदवहीला फक्त क्यूएसक्यूलाइट हवी.
- टीएलएस: सुरक्षित जोडणीसाठी.

ही उपफोल्डरं जशी आहेत तशीच ठेवायची. क्यूविंडोज.डीएलएल बाहेर काढून ईएक्सईशेजारी टाकली तर ती समोर असूनही क्यूटीला सापडत नाही. क्यूटी ती ‘प्लॅटफॉर्म्स’ या नावाच्याच फोल्डरमध्ये शोधते.

काही गोष्टी काढून टाकता येतात. एसक्यूएलड्रायव्हर्समध्ये ओडीबीसी, पोस्टग्रेस अशा न लागणाऱ्या फाईली येतात, त्या पुसा. ओपनजीएल३२एसडब्ल्यू.डीएलएल ही एकटी सुमारे २० एमबीची असते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नसलेल्या यंत्रावर ओपनजीएल चालावं म्हणून ती दिलेली असते. साध्या विजेट्सच्या प्रोग्रामला तिची गरज पडत नाही, तेव्हा नो-ओपनजीएल-एसडब्ल्यू हा पर्याय देऊन ती टाळा. क्यूटीच्या स्वतःच्या भाषांतर-फाईली नको असतील तर नो-ट्रान्सलेशन्स द्या.

सुरक्षित जोडणीबद्दल एक सोय लक्षात घ्या. टीएलएस फोल्डरमधली क्यूएसचॅनलबॅकएंड ही फाईल विंडोजचीच व्यवस्था वापरते. ती असेल आणि ओपनएसएसएल या बाहेरच्या लायब्ररीची खास गरज नसेल, तर ओपनएसएसएलच्या डीएलएल सोबत द्यायची आणि त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा पाठलाग करायची जबाबदारी अंगावर घेऊ नका.

विनडिप्लॉयक्यूटी तुम्ही जोडलेल्या बाहेरच्या लायब्ररी गोळा करत नाही. तुम्ही बारकोड, एक्सेल किंवा पीडीएफसाठी दुसरी लायब्ररी जोडली असेल तर तिची डीएलएल हाताने आणावी लागते, आणि त्या डीएलएलला आणखी कोणत्या डीएलएल लागतात हेही बघावं लागतं. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रॉम्प्टमध्ये डम्पबिन ही आज्ञा डिपेन्डन्ट्स हा पर्याय देऊन चालवा, किंवा डिपेन्डन्सीज नावाचं मुक्त-स्रोत साधन वापरा, ते पूर्ण झाड उलगडून दाखवतं. जुनं डिपेन्डन्सी वॉकर विंडोज १० वर वापरू नका. एपीआय-एमएस-विन ने सुरू होणारी ढीगभर नावं ते ‘हरवली’ म्हणून लाल रंगात दाखवतं आणि खरी हरवलेली फाईल त्या गर्दीत दिसत नाही.

कंपाइलरची रनटाइम: इथे घाई नको

एमएसव्हीसीने बनवलेल्या ६४-बिट प्रोग्रामला किमान तीन फाईली लागतात: एमएसव्हीसीपी१४०, व्हीसीरनटाइम१४० आणि व्हीसीरनटाइम१४०_१. तिसरी व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पासून आली, म्हणून जुन्या संगणकावर पहिल्या दोन सापडतात आणि नेमकी हीच अडवते. यूसीआरटी (सी भाषेची मूळ रनटाइम) मात्र विंडोज १० पासून विंडोजचाच भाग आहे, तिची चिंता नको.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या सगळ्यांची रनटाइम एकच आहे, नवी जुनीला पोटात घेते. पण अट एकतर्फी आहे: संगणकावरची रनटाइम तुमच्या कंपाइलरइतकी किंवा त्याहून नवी हवी. ही अट कागदापुरती नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१० आवृत्तीत म्युटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) रचनेत बदल झाला. तेव्हापासून नव्या कंपाइलरने बनवलेला प्रोग्राम जुन्या एमएसव्हीसीपी१४० सोबत चालवला, तर कोणतीही फाईल ‘हरवलेली’ नसताना पहिलं म्युटेक्स लॉक करतानाच तो कोसळू शकतो. लक्षण फसवं असतं, कारण फाईलचं नाव तेच आणि आयात-यादीही पूर्ण. असा क्रॅश दिसला की एमएसव्हीसीपी१४० वर उजवी टिचकी मारून तिची आवृत्ती आधी पाहा, आणि ती कोणत्या फोल्डरमधून लोड झाली तेही. प्रोग्रामशेजारी कधीतरी टाकलेली जुनी प्रत सिस्टम३२ मधल्या नव्या प्रतीच्या आधी उचलली जाते.

रनटाइम देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मायक्रोसॉफ्टची व्हीसी_रिडिस्ट.एक्स६४.ईएक्सई (रनटाइमचा तयार इन्स्टॉलर, पुढे नुसतं ‘रिडिस्ट’) तुमच्या इन्स्टॉलरमधून चालवणं, इन्स्टॉल, क्वाएट आणि नोरीस्टार्ट हे तीन पर्याय देऊन. ती ३०१० हा अंक परत देते तेव्हा काम झालेलं असतं, फक्त संगणक पुन्हा सुरू करायला हवा. १६३८ म्हणजे याहून नवी रनटाइम आधीच आहे. हे दोन्ही अंक अपयश समजून इन्स्टॉलर थांबवू नका. या मार्गाचा फायदा असा की पुढे रनटाइम एका ठिकाणी अद्ययावत होते. अडचण अशी की ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

शाळा, बँका, सरकारी कार्यालयं इथे तो पासवर्ड समोर बसलेल्या माणसाकडे नसतो. तिथे दुसरा मार्ग: रनटाइमच्या डीएलएल ईएक्सईशेजारी ठेवणं. त्या व्हिज्युअल स्टुडिओच्या व्हीसी, रिडिस्ट, एमएसव्हीसी या फोल्डरांच्या आतल्या एक्स६४ मधून घ्यायच्या. स्वतःच्या सिस्टम३२ मधून उचलायच्या नाहीत. या मार्गात त्या अद्ययावत ठेवणं तुमच्याकडे येतं, आणि कंपाइलर बदलला की या सगळ्या बदलायच्या.

‘एमटी पर्याय देऊन रनटाइम ईएक्सईतच घातली की झालं’ हा तिसरा मार्ग क्यूटीच्या तयार बिल्डसोबत धरू नका. ती क्यूटी एमडी पर्यायाने (रनटाइम वेगळ्या डीएलएलमध्ये) बनलेली असते. एकाच प्रोग्राममध्ये दोन स्वतंत्र रनटाइम येतात. एकीकडे घेतलेली स्मृती दुसरीकडे मोकळी केली की प्रोग्राम पडू शकतो, तोही कधीतरीच, त्यामुळे कारण हाती लागत नाही.

कोऱ्या संगणकावर चाचणी

विंडोज प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ वापरा. विंडोज फीचर्सच्या यादीत तिच्यापुढे खूण करायची. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. दर वेळी कोरं विंडोज उघडतं आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ही सोय नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज टाकून त्याचा स्नॅपशॉट घ्या. सँडबॉक्समधलं विंडोज तुमच्याच आवृत्तीचं असतं, तेव्हा विंडोज १० च्या जुन्या आवृत्तीवर प्रोग्राम चालतो का हे पाहायला व्हर्च्युअल मशीनच लागतं. क्यूटी ६.५ आणि पुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० ची किमान १८०९ लागते. विंडोज ७ असलेलं गिऱ्हाईक सोडायचं नसेल तर क्यूटी ५.१५ वर राहावं लागेल.

फोल्डर सँडबॉक्समध्ये नेऊन प्रोग्राम नुसता उघडून बघू नका. डेटाबेसमध्ये नोंद करा, छपाई करा, पीडीएफ काढा, चित्र उघडा, इंटरनेटवरची तपासणी चालवा. प्लगइनची उणीव ते काम केल्यावरच उघडी पडते.

काय बिघडतं आणि त्याचा अर्थ काय:

*‘अमुक.डीएलएल सापडली नाही’*, किंवा ०एक्ससी००००१३५ हा अंक. आयात-यादीतली फाईल नाही. एक आणून दिली की दुसरीचं नाव येऊ शकतं, म्हणून संदेशांच्या मागे न धावता डिपेन्डन्सीजमध्ये सगळी यादी एकदम बघा. आणि ती फाईल ‘डीएलएल मोफत मिळतील’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवरून कधीच घेऊ नका. ती कोणाची, कोणत्या आवृत्तीची, आत काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि तुम्ही ती तुमच्या गिऱ्हाईकाच्या हाती देणार असता.

*०एक्ससी०००००७बी.* फाईल सापडली, पण ३२-बिट आणि ६४-बिटची सरमिसळ झाली. बहुधा बाहेरून आणलेली एखादी लायब्ररी ३२-बिटची असते.

*‘प्रोसिजर एंट्री पॉइंट’ सापडला नाही.* नाव बरोबर, आवृत्ती चुकीची. दोन क्यूटींच्या फाईली एका फोल्डरमध्ये मिसळल्या की हे होतं. एकेक फाईल बदलत बसण्यापेक्षा फोल्डर पुसून पुन्हा पहिल्यापासून गोळा करा.

*‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता आलं नाही.’* प्लॅटफॉर्म्स फोल्डर नाही, किंवा आहे पण क्यूविंडोजला लागणारी दुसरी डीएलएल नाही, किंवा ते प्लगइन शेजारच्या क्यूटीपेक्षा नव्या आवृत्तीचं आहे. सगळं जागेवर असूनही फक्त एकाच गिऱ्हाईकाकडे हा संदेश येत असेल, तर त्याच्या संगणकावर दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने क्यूटी_प्लगइन_पाथ किंवा क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म_प्लगइन_पाथ हे पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) कायमचं ठरवून ठेवलंय का ते बघा. कारण सापडत नसेल तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स हे चल १ करून प्रोग्राम चालवा. कोणती फाईल कुठे शोधली आणि का नाकारली हे ओळीओळीने कळतं. खिडकीच्या प्रोग्रामचा हा मजकूर कमांड प्रॉम्प्टवर उमटत नाही, तो मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनांतल्या डीबगव्ह्यूमध्ये वाचा.

*काहीच घडत नाही, संदेशही नाही.* सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर लावा. प्रोसेसचं नाव नोंदवही.ईएक्सई, मार्गाचा शेवट .डीएलएल, आणि फलित ‘नेम नॉट फाउंड’ अशी गाळणी ठेवा. शेकडो ओळी येतील. घाबरू नका, शोधाच्या क्रमात आधीच्या फोल्डरांत न सापडणं साहजिक आहे. आता फलिताची गाळणी काढून बघा: जिच्या नावापुढे कुठेच ‘सक्सेस’ येत नाही ती फाईल तुमची.

*‘झिप पाठवली, तरी डीएलएल नाही म्हणतं.’* माणसाने झिप न सोडवता आतल्याच ईएक्सईवर टिचकी मारलेली असते. विंडोज तेवढी एकच फाईल तात्पुरत्या जागी काढतं, शेजारच्या डीएलएल झिपमध्येच राहतात. झिप देणार असाल तर ‘आधी सोडवा, मग उघडा’ ही सूचना डाउनलोडच्या बटणाशेजारीच मराठीत लिहा.

मराठी नाव असलेलं खातं

ही चाचणी परदेशी मार्गदर्शिकांत नसते आणि आपल्याकडे तिच्यावाचून भागत नाही. विंडोजमध्ये स्थानिक खातं उघडताना नाव देवनागरीत टाकलं, तर सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये ‘सुनीता’ असं देवनागरी नावाचंच फोल्डर तयार होतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, ॲपडेटा, तात्पुरत्या फाईली सगळं त्याच्या आत.

जुन्या पद्धतीचे, एकेक बाइट अक्षर मानणारे विंडोजचे फंक्शन ‘कोड पेज’ (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर ही यादी) वापरतात. फ्रेंच, रशियन, जपानी यांना स्वतःचं कोड पेज आहे. देवनागरीला ते नाही. विंडोजमध्ये मराठी आणि हिंदी फक्त युनिकोडमधूनच चालतात. त्यामुळे जपानी गिऱ्हाईकाकडे नशिबाने चालणारा एफओपन (फाईल उघडणारं सी भाषेतलं फंक्शन) इथे एरवी चालत नाही. मार्गातल्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि फाईल उघडत नाही.

क्यूटीचे स्वतःचे वर्ग युनिकोड वापरतात, त्यांचा प्रश्न नसतो. फसतं ते बाहेरच्या लायब्ररीला मार्ग देताना, विशेषतः टूलोकल८बिट वापरून. एसक्यूलाइटला थेट मार्ग देत असाल तर तो यूटीएफ-८ मध्ये हवा. इतर लायब्ररींचे रुंद अक्षरांचे फंक्शन वापरा. तेही नसतील तर प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला सूचना देणाऱ्या फाईलीत) ॲक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ ठरवा; विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते मानलं जातं. चाचणीच्या यंत्रावर देवनागरी नावाचं एक खातं कायम ठेवा आणि प्रत्येक आवृत्ती त्यात एकदा चालवा.

फॉन्टचंही तसंच. मंगल सगळीकडे असेल ही समजूत विंडोज १० पासून चुकीची ठरली. त्यात निर्मला यूआय सोबत येतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेले आणि ते प्रत्येक संगणकावर असतीलच असं नाही. पावतीची मांडणी एका ठरावीक फॉन्टवर बेतली असेल तर तो फॉन्ट सोबत द्या. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो वाटू नका. नोटो सॅन्स देवनागरी मुक्त परवान्याचा आहे. तो संसाधन-फाईलीत घालून प्रोग्राम सुरू होताना क्यूफॉन्टडेटाबेसमधून लोड केला की संगणकावर बसवावाही लागत नाही.

इनो सेटअपमध्ये बांधणी

इनो सेटअप १९९७ पासून आहे आणि एकाच साध्या मजकूर-फाईलीत सगळं लिहिता येतं, म्हणून छोट्या आणि मध्यम प्रोग्रामसाठी हाच पहिला पर्याय ठेवावा. विझार्डने सांगाडा करून घ्या आणि पुढच्या जागा हाताने तपासा.

ॲपआयडी एकदाच तयार करा आणि आयुष्यभर बदलू नका. इन्स्टॉलर जुनी आवृत्ती याच ओळखीवरून शोधतो. ॲपआयडी बदलला की प्रोग्रामांच्या यादीत नोंदवही दोनदा दिसते.

सेटअप विभागात ६४-बिट मोड सांगावा लागतो: आर्किटेक्चर्सइन्स्टॉलइन६४बिटमोड याला एक्स६४कंपॅटिबल (इनो सेटअप ६.३ पासून). हे राहिलं तर ६४-बिट प्रोग्राम ३२-बिटच्या प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो. ॲडमिनशिवाय बसवायचं असेल तर प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड याला लोएस्ट द्या. मग ऑटोपीएफ हा स्थिरांक आपोआप माणसाच्या स्वतःच्या फोल्डरकडे वळतो. अशा वेळी रनटाइमच्या डीएलएल शेजारीच ठेवा, कारण रिडिस्ट ॲडमिन मागणारच.

फाईल्स विभागात गोळा केलेलं सगळं फोल्डर उपफोल्डरांसह द्या: रिकर्ससबडीर्स आणि क्रिएटऑलसबडीर्स. पहिला ध्वज विसरला तर प्लॅटफॉर्म्स फोल्डर इन्स्टॉलरमध्ये येत नाही आणि सँडबॉक्समध्ये चाललेला प्रोग्राम बसवल्यावर चालत नाही. इग्नोरव्हर्जनही द्या. तो नसेल तर जागेवरची फाईल नवी वाटली की इनो ती तशीच ठेवतं, आणि मागच्या आवृत्तीकडे परतणाऱ्या माणसाकडे दोन क्यूटींची खिचडी होते.

रिडिस्ट वापरत असाल तर ती टीएमपी फोल्डरमध्ये उतरवा, डिलीटआफ्टरइन्स्टॉल लावा आणि रन विभागातून चालवा. रेजिस्ट्रीत व्हिज्युअलस्टुडिओ, १४.०, व्हीसी, रनटाइम्स, एक्स६४ या चावीखाली मेजर, मायनर, बीएलडी (बिल्ड) हे आकडे असतात. ते आधी वाचून पुरेशी नवी रनटाइम असेल तर ही पायरी गाळता येते.

डेटाबेस कुठे ठेवायचा हे इन्स्टॉलर लिहिण्याआधी ठरलेलं असायला हवं. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही. तिथे डेटाबेस ठेवला तर तुमच्याकडे चालेल आणि गिऱ्हाईकाकडे ‘फक्त वाचता येतो’ म्हणून अडेल. क्यूस्टँडर्डपाथ्सकडून ॲपडेटाची जागा घ्या. प्रोग्राम कायम ॲडमिन म्हणून चालवायला सांगणं हा उपाय नाही.

सही

डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर डाउनलोड करून उघडला की स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या पहारेकऱ्याचा निळा पडदा येतो आणि बरीच माणसं तिथेच मागे फिरतात. कोड सायनिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं तर १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणजे यूएसबी टोकन किंवा क्लाउडमधली तशी सेवा. नुसती फाईल मिळत नाही, त्यामुळे आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा असेल तर क्लाउडचा पर्याय सोयीचा पडतो.

आधी नोंदवही.ईएक्सई आणि तुमच्या स्वतःच्या डीएलएलवर सही करा, मग इन्स्टॉलर बांधा, मग इन्स्टॉलरवर सही. इनोच्या साइनटूल या सेटिंगमध्ये आज्ञा दिली तर अनइन्स्टॉलरवरही सही होते. एसएचए२५६ ही पद्धत वापरा आणि वेळेचा शिक्का कधीही गाळू नका. शिक्का असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही आधी केलेली सही ग्राह्य राहते; नसेल तर मुदत संपल्या दिवशी तुमचे जुने इन्स्टॉलर बिनसहीचे ठरतात. महागडं ईव्ही (जास्त कडक तपासणीचं) प्रमाणपत्र घेतलं की पहिल्या दिवसापासून इशारा जातो, ही समजूत आता जुनी झाली. लौकिक साध्या आणि ईव्ही दोन्ही प्रमाणपत्रांना डाउनलोडांमधूनच मिळवावा लागतो. यूपीएक्सने फाईली दाबून आकार कमी करू नका, अँटिव्हायरस अशा फाईलींवर चटकन संशय घेतात.

परवाने आणि पुढची आवृत्ती

क्यूटी एलजीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली वापरत असाल तर तिच्या डीएलएल वेगळ्या राहू द्या, परवान्याचा मजकूर सोबत द्या, प्रोग्रामच्या माहितीच्या खिडकीत क्यूटीचा उल्लेख करा, वापरलेल्या क्यूटीचा स्रोत-कोड मिळायची सोय ठेवा, आणि वापरणाऱ्याला त्या डीएलएल बदलता येतील यात आडकाठी आणू नका. क्यूटी चार्ट्ससारखी काही मॉड्यूलं एलजीपीएलमध्ये नाहीत, जीपीएलमध्ये (तुमच्या प्रोग्रामचाही स्रोत खुला मागणाऱ्या परवान्यात) आहेत. बंद स्रोताच्या प्रोग्राममध्ये ती घालण्याआधी परवाना वाचा, कारण आलेख तयार झाल्यावर ते काढणं फार जड जातं.

नवी आवृत्ती जुन्यावर बसवताना दोन गोष्टी अडतात. प्रोग्राम उघडा असेल तर डीएलएल अडकलेल्या असतात. प्रोग्राममध्ये म्युटेक्स तयार करून त्याचं नाव इनोच्या ॲपम्युटेक्समध्ये द्या, म्हणजे इन्स्टॉलर आधी प्रोग्राम बंद करायला सांगतो. दुसरी म्हणजे मागे राहिलेली प्लगइन. नव्या क्यूटीत नसलेली जुनी फाईल इन्स्टॉलर स्वतःहून पुसत नाही. क्यूटी बदलली असेल तर इन्स्टॉलडिलीट विभागात प्लॅटफॉर्म्स, स्टाइल्स, इमेजफॉरमॅट्स, आयकॉनइंजिन्स, एसक्यूएलड्रायव्हर्स आणि टीएलएस ही फोल्डरं एकेक नाव घेऊन लिहा. सगळं मुख्य फोल्डर पुसण्याचा आळशी मार्ग धरू नका. कोणीतरी आपली बॅकअप फाईल तिथेच ठेवलेली असते. अनइन्स्टॉल करतानाही ॲपडेटातल्या डेटाबेसला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.